गाळलेली स्लाइड

प्रशिक्षण दिवसभर चालणार होतं, ते चहाच्या सुट्टीआधीच उरकलं. वरच्या कार्यालयातून आलेल्या प्रशिक्षकाला आणखी दोन केंद्रं गाठायची होती आणि त्याची गाडी दारात चालूच होती. आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बाकं भिंतीला सरकवून पडदा लावला होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तो ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही नावाचा विषाणू आणि शाळेतल्या मुलींना द्यायची नवी लस, असा विषय होता. सुरुवातीच्या स्लाइड आकड्यांच्या होत्या, त्या त्याने भराभर वाचून दाखवल्या. मग पडद्यावर मथळा आला, ‘संसर्ग कसा होतो’. प्रशिक्षकाने घसा खाकरला.

“हे काय तुम्हाला सांगायला नको. तुम्ही सगळ्या संसारी बायका आहात,” असं म्हणून त्याने बटण दाबलं. पुढच्या स्लाइडवर लस किती थंड ठेवायची ते होतं.

खोलीत खसखस पिकली. पहिल्या रांगेतली बारकी तेवढी हसली नाही. एक तर तिला ती स्लाइड वाचायची होती. आणि त्या खोलीत लग्न न झालेली ती एकटीच असल्यामुळे सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने किडकिडीत, उंचीने बेताची आणि केंद्रातली सर्वांत नवी नर्स, म्हणून मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला ती हाक मारली आणि ती चिकटली. मोठ्या बाई तिथल्या सर्वांत जुन्या नर्स. त्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. अडलेल्या बाईच्या पोटावर नुसता हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं, ते त्या सांगायच्या. सुई धरायला बारकीला कॉलेजात शिकवलं होतं; पोराला कळू न देता टोचायला मात्र मोठ्या बाईंनी शिकवलं. बारकी त्यांना फार मानायची.

लस देण्याआधी मुलींच्या आयांना समजावून सांगायचं, असा आदेश होता. केंद्राच्या डॉक्टरांनी ते काम या दोघींच्या गळ्यात घातलं. “बायकांचा विषय आहे, तुम्हीच बोललेलं बरं,” ते म्हणाले आणि स्वतः मोकळे झाले.

शाळेच्या हॉलमध्ये आया पोरांच्या छोट्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांत बारकीची वहिनीही होती. बारकी भावाकडेच राहायची आणि तिची भाची याच शाळेत सहावीला होती. मोठ्या बाईंनी सुरुवात झकास केली. कॅन्सर म्हणजे काय हाल, ते सांगताना बायका पदर-ओढण्या तोंडाला लावून ऐकत होत्या. मग एकीने हात वर केला.

“पण हा रोग होतो कशानं?”

“अस्वच्छतेनं,” मोठ्या बाई ठामपणे म्हणाल्या. “बायका स्वतःकडे बघतच नाहीत. पाळीत कपडा वेळेवर बदलत नाहीत. दुसरं काय?”

“मग आमच्या पोरी दोन वेळा अंघोळ करतात की. त्यांना कशाला सुई?”

हॉलभर हशा पिकला. मोठ्या बाईंना चारचौघांत खोडून काढणं तिच्या जिवावर आलं होतं, पण गप्प बसणंही जमेना.

“विषाणूनं होतो,” ती म्हणाली. “एकाकडून दुसऱ्याला लागतो तो.”

“कसा लागतो?”

“शरीरसंबंधातून.”

मग मागून आवाज आला, “सहावीतल्या पोरींना हे? काय समजता काय तुम्ही आमच्या पोरींना?” आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, “हिचं स्वतःचं लग्न व्हायचंय अजून, आणि ही आम्हाला शिकवणार!”

बारकीचे कान तापले. लस लहान वयातच द्यायची, एवढं तिला ठाऊक होतं. का, ते तिला सांगता येईना. ते त्या गाळलेल्या भागात राहून गेलं होतं.

वहिनीला नणंदेची कीव आली असावी. तिने मुद्दाम सोपासा प्रश्न टाकला, “एकदा ही सुई घेतली की जन्माची काळजी मिटली ना? पुढे त्या तपासण्या वगैरे नकोत?”

“नकोत,” बारकी म्हणाली. हातात आधार सापडल्यासारखी ती पुढेही बोलत गेली, “एकदा घेतली की सुटलात. आणि मुलांचा याच्याशी काही संबंध नाही, हा बायकांचाच रोग.” तिला खरोखर तसंच वाटत होतं.

लसीकरणाच्या दिवशी दोघी शाळेच्या एका वर्गात टेबल मांडून बसल्या. मुली आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांपैकी कुणाचं पोट दुखत होतं, कुणाला सर्दी झाली होती, कुणाला अचानक मामाकडे जायचं होतं. भाची तर त्या दिवशी शाळेतच आली नव्हती. लसीचा थंड डबा जवळजवळ होता तसा परत आला. वाटेत मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, “तो शब्द नको होता उच्चारायला. माझं बरं चाललं होतं.”

डॉक्टरांनी आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “हे फार कमी आहे. जनजागृती वाढवा.”

“डॉक्टर, बायका प्रश्न विचारतात,” बारकी म्हणाली. “आम्हालाच उत्तरं नीट येत नाहीत.”

“फाइलमध्ये सगळं आहे, सिस्टर. वाचा जरा.”

बारकीने फाइल वाचली. तीत लसीचा फ्रिज किती थंड ठेवायचा ते होतं, वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या ते होतं आणि भरायचे तक्ते होते. बायकांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने फाइल कपाटात इतक्या जोरात आपटली की वरचं कापसाचं बंडल खाली आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती हात धुवायला मागच्या बाजूला गेली, तर केंद्राच्या चादरी धुणाऱ्या मावशी पिळलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी पायरीवर बसलेल्या दिसल्या. चेहरा पांढराफटक.

“मावशी, काय होतंय?”

“काही नाही गं. अंगावरनं जातंय जरा. गेलेली पाळी परत आलीय, मोठ्या बाई म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या दिल्यात त्यांनी.”

“पाळी जाऊन किती वर्षं झाली तुमची?”

“झाली की बरीच. धाकटीचं लग्न व्हायच्या आधीच गेली.” धाकटीची पोरगी आता शाळेत जात होती.

“आणि हे कधीपासून?”

मावशींनी मान फिरवली. “बरेच महिने झाले. मधेच थांबतं, परत सुरू होतं. वासही येतो गं. पण मी सगळं स्वच्छ ठेवते हो. माझे कपडे वेगळे काढून उकळत्या पाण्यात घालते. मोठ्या बाईंनी सांगितल्यापासून एक दिवस चुकवला नाही.”

बारकीने ओल्या चादरी उचलून एकटीनेच वाळत घातल्या आणि तडक ड्रेसिंगच्या खोलीत गेली. मोठ्या बाई पट्ट्या गुंडाळत होत्या.

“बाई, मावशींना मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं.”

“उगाच घाबरवू नकोस तिला. उतारवयात होतं असं एखादीला. माझ्या सासूबाईंनाही झालं होतं.”

“मग? बऱ्या झाल्या त्या?”

मोठ्या बाईंचा हात थांबला. “गेल्या,” त्या म्हणाल्या. मग पट्टी पुन्हा गुंडाळू लागल्या. “वय झालं होतं त्यांचं.”

बारकीने सुट्टी टाकली आणि मावशींना घेऊन गेली. मोठ्या हॉस्पिटलात सकाळभर बाकावर बसून नंबर आला. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई केस पांढरे झालेल्या, बोलायला तुटक अशा होत्या. तपासताना त्यांनी मावशींना विचारलं, “काम काय करता?”

“आरोग्य केंद्रात असते मी,” मावशी जरा अभिमानानेच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून बारकीकडे पाहिलं. “आरोग्य केंद्रात? आणि इतके महिने अंगावर काढलं?”

मावशींना वाटलं आपल्यालाच रागावल्या. “चूक झाली, बाई,” त्या म्हणाल्या. ते ऐकून बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि राग तर असा आला की तो कुणावर काढावा तेच तिला कळेना.

गर्भाशयाच्या मुखाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला तो कॅन्सरचा. आजूबाजूला थोडा पसरलेला होता, लांब नव्हता. “ऑपरेशन नाही करता येणार, पण रेडिएशनने आटोक्यात येईल, चांगली आशा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वेळेवर तपासणी झाली असती, तर हे कॅन्सर व्हायच्या आधीच सापडलं असतं. किरकोळ इलाजात भागलं असतं.”

त्या हात धुवायला बेसिनकडे वळल्या, तशी बारकी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. “डॉक्टर, मला विचारायचंय. हा स्वच्छतेनं टळतो का?”

“नाही. स्वच्छता चांगलीच, पण हा विषाणू साबणाला भीक घालत नाही.”

“जिनं एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढला, तिला होतो?”

“होतो. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी लागतोच. पुरुषांनाही. त्यांच्यातून बायकांकडे येतो, आणि त्यांनाही त्याचे काही कॅन्सर होतात. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो. काही जणींच्या ठाण मांडून बसतो, वर्षानुवर्षं, आणि मग हे होतं. लस द्यायची ती त्याची गाठ पडायच्या आधी. म्हणून लहान मुलींना. यात कुणाच्या वागण्याचा प्रश्नच येत नाही.”

“आणि लस घेतली की तपासणी नको ना?”

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला. “हे कुणी सांगितलं तुम्हाला? विषाणूच्या सगळ्या जातींवर लस चालत नाही. तपासणी करायचीच. तिशीनंतर तर प्रत्येकीने.”

“मीच सांगितलं,” बारकी म्हणाली. “हॉलभर बायकांना.”

डॉक्टरीणबाई नॅपकिनला हात पुसत तिच्याकडे बघत राहिल्या. “तुम्हाला शिकवलं नाही कुणी?”

“एक स्लाइड होती. ती गाळली.”

केंद्रात परत आल्यावर बारकीने अहवाल मोठ्या बाईंना सांगितला. त्या एकदम भडकल्या. “म्हणजे काय, मी मारलं तिला?”

“असं कुठं म्हटलं मी? मावशी बऱ्या होतील. पण मीही खोटंच सांगून आलेय, बाई. आपण दोघींनीही.”

“मला कुणी शिकवलं कधी? बाळंतपणं शिकवली. गोवर, पोलिओ, जंताच्या गोळ्या, सगळं शिकवलं. हे कुणी? आणि विचारायची सोय आहे का? एवढी जुनी नर्स आणि हिला एवढंही माहीत नाही, म्हणतील!” त्यांचा आवाज चिरकला. “ती माझ्याकडे यायची गं. दर वेळी हसत यायची. आणि मी तिच्या हातावर गोळ्या ठेवायची.”

त्यानंतर कितीतरी दिवस त्या बारकीशी कामापुरतंच बोलल्या.

घरी बारकीने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. “वहिनी, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. लस घेतली तरी तपासणी लागते. आणि तुझी तर आत्ताच करायला हवी.”

वहिनीने गॅस बारीक केला. “त्या दिवशी एक सांगितलंस, आज दुसरं. उद्या तिसरं सांगशील. तुमचं तुम्हालाच धड माहीत नाही, आणि माझ्या पोरीला टोचायला निघालात?”

वहिनीचं म्हणणं खरं होतं आणि तेच बारकीला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई शिकवायला यायला तयार आहेत, फक्त एक सकाळ हवी, असं तिने सांगितलं.

“वरून आदेश नाही तसा,” डॉक्टर म्हणाले.

“मावशींना गोळ्या द्यायचा तरी आदेश होता का?”

खोलीबाहेरचे पेशंटसुद्धा दारातून डोकावले. बारकीचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. “बरं, सुट्टीच्या दिवशी घ्या,” शेवटी ते म्हणाले. “ओपीडीला हात लावायचा नाही.”

सुट्टीच्या दिवशी सगळ्या जणी कुरकुरत आल्या. डॉक्टरीणबाईंनी पडदा मागितला नाही की काही नाही. फळ्यावर गर्भाशय काढलं आणि सरळ सांगायला सुरुवात केली. डॉक्टर उशिरा येऊन दारापाशी उभे राहिले. आपण सहज डोकावलोय असं दाखवत होते, पण शेवटपर्यंत हलले नाहीत. मोठ्या बाई मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. प्रश्न असतील तर विचारा म्हटल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं.

“आम्हा सगळ्यांनाच हे तपासून घ्यायला हवं ना?” मोठ्या बाई मागून म्हणाल्या.

“हवं. तुमच्यापैकी कितीजणींची तपासणी झालीय?”

एकही हात वर झाला नाही. इतक्या वर्षांत हजारो बायकांना दुखणं अंगावर काढू नका म्हणून सांगणाऱ्या त्या बायका, आणि तपासणीच्या टेबलावर त्यांच्यातली एकही कधी झोपली नव्हती. मोठ्या बाई उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, “मग आजच करून टाका माझी. परत उद्यावर गेलं तर राहून जाईल.” त्यांच्या मागून आणखी दोघी उठल्या. बाकीच्यांना नेमकं तेव्हाच घरचं काम आठवलं.

पुढच्या शाळेतली सभा मोठ्या बाईंनीच घेतली. विषाणू सांगितला, तो लागतो कसा ते न अडखळता सांगितलं, पुरुषांचंही सांगितलं. कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, “तुझी दोन्ही बाळंतपणं मी केलीत, माझ्यापुढे कसली लाजतेस?” बायका हसल्या आणि ऐकू लागल्या. बारकी मनातल्या मनात एकेक मुद्दा मोजत होती. सगळे बरोबर आले. आणि अगदी शेवटी हात जोडताना मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि मुख्य म्हणजे स्वच्छता ठेवा, बरं का!”

बारकीने कपाळावर हात मारला.

“अगं, सवय आहे,” बाहेर आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी मला चिमटा काढ.”

त्या शाळेत निम्म्याच्या आसपास मुली आल्या. निम्म्या नाही आल्या. त्यांच्या आया रस्त्यात भेटल्या की बारकी थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगायची. काही ऐकायच्या, काही तिला बघून वाट बदलायच्या. मावशींचं रेडिएशन पुरं झालं; त्या थकल्या होत्या, पण अंगावरून जायचं थांबलं होतं. आता पुढच्या तपासण्यांवर सगळं अवलंबून होतं. चादरी धुवायला डॉक्टरांनी दुसरी बाई लावली.

डॉक्टरीणबाईंनी हात धरून शिकवल्यावर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आता मोठ्या बाई केंद्रातच करू लागल्या होत्या. मग एका सकाळी त्या तपासणीच्या रांगेत वहिनी येऊन बसली. घरी अवाक्षर बोलली नव्हती. बारकी तिला आत घेऊन गेली, मोठ्या बाईंनी तपासणी केली, आणि वहिनी चपला घालत बाहेर आली ती फणफणतच.

“एवढंच होतं होय? ह्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होते?”

“मी सांगत नव्हते तुला?”

“तू काय, रोज वेगळं सांगतेस.” तिने पर्स खांद्याला लावली. “पोरीची सुई कधी आहे?”

“परवा. राहिलेल्या मुलींसाठी तिच्या शाळेत परत जातोय आम्ही. पाठवशील ना?”

“बघते.”

“बघते म्हणजे काय, वहिनी? पाठवणार की नाही?”

“बघते म्हटलं ना! मागे लागू नकोस.” आणि ती निघून गेली.

बारकीने दात आवळले. दारात पुढची बाई येऊन उभी राहिली होती, पदर बोटाभोवती गुंडाळत. “या ताई,” बारकी म्हणाली, “आत या. आधी काय करणार आहोत ते सगळं सांगते, मग ठरवा.”